मालू घरत हलव्याचा फोटो काढते

ओवे गावातल्या मालू घरतला हसू आलं की ते तिच्या एकटीचं राहत नाही. आधी खांदे हलतात, मग पोट, मग ती ज्याला टेकून उभी असेल ते. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तिला हसू फुटलं. तिचं बघून करवल्या हसल्या, करवल्यांचं बघून वऱ्हाड, आणि त्या गडबडीत नवरदेवानं हार भटजींच्या गळ्यात घातला. तेव्हापासून भटजी अंतरपाट धरायच्या आधी मालू कुठं उभी आहे ते बघून घेतात. अशा बाईला फोटो काढायचा नाद लागावा, म्हणजे भूकंपानं सुईत दोरा ओवायला बसावं.

नाद लागला तो नवऱ्यापायी. प्रभाकर घरत एके काळी पनवेल-उरणच्या गावांतला लग्नाचा फोटोवाला होता. हळद असो, लग्न असो, बारसं असो, पुढं गळ्यात कॅमेरा अडकवलेला प्रभाकर आणि मागं उंच दांड्यावरचा हॅलोजन घेतलेली मालू. "तोंडाव मार," असं तो म्हणाला की ती उजेड तोंडावर मारायची. नवरी डोळे मिचकवायची, सासूची पावडर घामानं ओघळायची, आणि फोटोत सगळेच नाक्यावर पोलिसांनी अडवल्यासारखे दिसायचे. गावाला तेच आवडायचं. फोटो म्हणजे उजेड, आणि उजेड म्हणजे डोळे दिपले पाहिजेत.

पुढं जमिनींचे भाव चढले. प्रभाकरनं प्लॉटची दलाली धरली, पांढरे बूट घेतले, आणि कॅमेरा कपाटाच्या माथ्यावर जुन्या सुटकेसच्या शेजारी जाऊन बसला.

मालूनं तो खाली काढला बचत गटाच्या मसाल्यासाठी. ग्रुपवर टाकायला बरा फोटो हवा होता. इतकी वर्षं लाईट धरला, पण कॅमेऱ्याच्या त्या बारक्या खिडकीतून जरा बघ, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. तिनं डोळा लावला, समोर मिरच्यांचा ढीग होता, आणि बाई चक्क गप्प झाली. चौकटीत आलेली वस्तू गप बसते, हा शोध तिला अंगणात उकिडवं बसल्या बसल्या लागला. तिच्या घरात गप बसणारं दुसरं काहीच नव्हतं. नवरा फोनवर बोलत असायचा, टीव्ही भिंतीवर बोलत असायचा, आणि शेजारच्या खोलीत पुतण्या केतन स्पीकर तपासत असायचा.

मग काय, मसाला झाला, पापड झाले, सुकट झाली, गटातल्या कीर्तीच्या बोंबलाच्या चटणीच्या बरण्या झाल्या. फोटो हलायचे. गटातल्या बायका म्हणायच्या, मालूनं काढला की पापडसुद्धा गालात हसतात. पण हळूहळू दहातला एखादा स्थिर यायला लागला, आणि तो आला की मालू दिवसभर फोन हातात घेऊन गावभर फिरायची. भाजीवालीला पापडाचा फोटो दाखवायची, पापडवालीला भाजीचा.

केतनचा जीव मात्र त्याच कॅमेऱ्यात अडकला होता. केतन म्हणजे प्रभाकरच्या भावाचा मुलगा. हळदीला डीजे लावणारा. त्याच्याकडं स्पीकर होते, रंगीत लाईट होते, धूर सोडायचं मशीन होतं, फक्त हळदीचे व्हिडिओ काढायला कॅमेरा नव्हता. जावई सासऱ्याच्या गाडीकडं बघतो तसा तो येताजाता कॅमेऱ्याकडं बघायचा. काकाला विचारलं की काका म्हणायचा, बघू.

हे 'बघू' संपवलं मिठानं.

पावसाळ्यात ओव्यात सगळंच ओलं असतं. बिस्किटं वाकतात, कमरेचे पट्टे हिरवे होतात, देवाच्या फोटोच्या काचेलाही घाम येतो. भिंगावर बुरशी धरते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी आत पसरते, असं मालूनं कुठंसं ऐकलं. सल्ला विचारला तो बापाला. भगवानबाबाचा जन्म मिठागरात गेलेला. चिरनेरजवळचं घर सोडून तो चार महिने लेकीकडं येऊन राहायचा. त्याच्या मते जगातल्या कुठल्याही दुखण्यावर मीठ सोडून औषध नाही. दात दुखला, मीठ. पाय मुरगळला, मीठ. दृष्ट लागली, मीठ. प्लॉटचा व्यवहार अडला तेव्हाही त्यानं जावयाच्या बुटात मीठ टाकलं होतं, आणि व्यवहार झाला होता, त्यामुळं जावयाला बोलायची सोय राहिली नव्हती.

"मीठ पानी वढतं," भगवानबाबा म्हणाला. "सगलं पानी आपल्या अंगाव घेतं. त्याच्या शेजारचं काय भिजत नाय."

बापलेकीनं पापडाचा मोठा स्टीलचा डबा रिकामा केला. तळाशी खडेमिठाची पुरचुंडी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून. तिच्यावर फ्लॅश. शेजारी कॅमेरा, तोही डोकं खाली करून, कारण माणसाला थंडी डोक्यातून भरते तशी यंत्रालाही भरणार, असं बाबाचं म्हणणं पडलं. भिंग काढून मालूनं आपल्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि सगळ्यात वर ठेवलं. झाकण लावलं. कुठं फट राहू नये म्हणून कडेनं भिजवलेली कणीक लिंपली. डब्याला हळदकुंकू लावायचं तेवढं राहिलं.

डबा उघडला तो गणपती गेल्यावर, सणाच्या हलव्याच्या खोक्यावर छापायला फोटो हवा म्हणून पनवेलच्या एस्थर पेणकरांचा फोन आला तेव्हा.

मीठ पाणी ओढतं, हे अगदी खरं निघालं. ओढलेलं पाणी ते ठेवतं कुठं, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारलं नव्हतं. पुरचुंडीच्या जागी नुसतं फडकं होतं आणि तळाला खाडी. फ्लॅश त्या खाडीत पाय सोडून बसला होता. कॅमेऱ्याच्या माथ्यावर जिथं फ्लॅश अडकवतात ती पत्र्याची खाच हिरवी-पांढरी होऊन फुलली होती. भिंग तेवढं लुगड्यात कोरडं होतं. भगवानबाबानं डब्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, मीठ चांगलं व्हतं.

पनवेलच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानं कॅमेरा हातात घेतला, हुंगला आणि विचारलं, "लोणचं घातलं होतं का याचं?" मालूला जे हसू फुटलं, त्यात ती दुकानाच्या पायरीवरच बसली आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायांनी तिला पाणी आणून दिलं. ती हसत होती आणि तो समजावत होता. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. नव्या बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका, त्यांचा रंग बदलला की तापवून सुकवा. आत दमटपणा दाखवणारा एक बारका काटा ठेवा, फार ओलं नको आणि फार कोरडंही नको. सेल काढून ठेवा. कापडाची, चामड्याची पिशवी नको, तीच ओल धरते. आणि कणीक, तो म्हणाला, पोळ्यांना वापरा. कॅमेरा त्यानं पुसून चालू करून दिला. फ्लॅश मात्र संपला होता, आणि दुसरा आणला तरी खाच बदलून येईपर्यंत तो बसणार नव्हता.

प्रभाकरला हसू आलं नाही. रात्री जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं. एवढं चांगलं यंत्र, म्हणाला, त्याची तुमी सुकट केली. केतन निदान वापरील तरी. मालूनं फक्त एस्थर मॅडमचं काम होऊ द्या म्हणून विनवलं. त्यावर तो थोडा वेळ दात कोरत बसला आणि निकाल दिला.

"सनाच्या आत त्या बाईच्या खोक्याव तुझा फोटो छापून आला तर कॅमेरा तुझा. नाय आला तर केतन घिऊन जाईल. मंग परत मना पापड-मसाला ऐकवायचा नाय."

केतन पलीकडं भाताला आमटी लावत होता. काकीसाठी वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला, पण कानापर्यंत पसरलेलं तोंड आवरेना.

एस्थर पेणकर म्हणजे पनवेलच्या जुन्या बेने इस्राएल घरातल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. गटाचं खातं त्यांच्याच टेबलावर उघडलं गेलं होतं, आणि सही चौकटीच्या बाहेर गेली म्हणून त्यांनी मालूला सगळ्या बँकेसमोर झापलं होतं. तेव्हापासूनची ओळख. बँक सुटली तरी मालूच्या तोंडी 'मॅडम' राहिलं. ज्यूंच्या नव्या वर्षाला, ज्याला ते लोक नव्याचा सण म्हणतात, एस्थरबाई चिकाचा हलवा करायच्या. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि हात खांद्यातून निखळेपर्यंत ढवळणं. पूर्वी त्यांच्या आईच्या परातीतला हलवा कितीतरी घरी जायचा. मग एकेक घर इस्राएलला गेलं, त्यांची मुलगी याएलही गेली, परात तेवढीच राहिली आणि घरं कमी झाली. यंदा त्यांनी ठरवलं की हलवा खोक्यात घालून ज्याला हवा त्याला द्यायचा. खोक्याचं चित्र याएल तिकडून करून पाठवणार होती. फोटो मात्र इथला हवा. एस्थरबाईंनी फोनवर काढून एक धाडला होता. त्यावर याएलनं विचारलं, आई, हा साबण कसला?

"फ्लॅश नाही म्हणून घाबरू नको, काकी," केतन म्हणाला. "लाईट मी देतो."

केतनच्या मनात कपट नावाला नाही. चोरानं याच्याच घरात शिरून स्पीकर उचलला तर हा दुसरी बाजू धरून जिन्यातून खाली उतरवून देईल. काकीचा फोटो चांगला आला तर आपला कॅमेरा जातो, हे त्याला कळत होतं. पण कुठंतरी उजेड लागतोय आणि आपण नाही, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यामुळं ठरल्या सकाळी एस्थरबाईंच्या इमारतीखाली टेम्पो उभा राहिला. बेलपाड्याच्या हळदीहून तो तसाच आला होता, बाजूला झेंडूच्या माळा लटकत होत्या. केतननं फिरते लाईट वर चढवले, स्टॅंड चढवले, वायरींची वेटोळी चढवली. प्रभाकरचा जुना हॅलोजनही मालूनं बरोबर घेतला होता. शेवटी धुराचं मशीन आलं.

एस्थरबाई दारात उभ्या होत्या. "मालू, हलव्याचं लग्न आहे का?"

"नाय मॅडम," मालू म्हणाली, "हलद."

झालं, दोघी दाराच्या चौकटीला धरून हसत राहिल्या, आणि केतन मधनं वाट काढत वायरी ओढत राहिला.

पडदे ओढले. टेबलावर परात ठेवली. हलवा झकास जमला होता, गुलाबी झाक, वर बदामाचे काप, शंकरपाळ्यासारख्या चौकोनी वड्या. केतननं बटण दाबलं. हलवा जांभळा झाला. मग हिरवा झाला. मग भिंतीवर, छतावर, एस्थरबाईंच्या लग्नाच्या फोटोवर ठिपके फिरायला लागले, आणि चकचकीत प्रत्येक वडीवर रंगीत मण्यांची माळ उमटली. मालूनं कॅमेऱ्यातून बघितलं तर हलवा कुठं दिसेचना, नुसती जत्रा. केतनला वाटलं, काहीतरी कमी आहे. त्यानं धूर सोडला.

खालच्या मजल्यावरचे आजोबा पाण्याची बादली घेऊन धावत वर आले. त्यांना बसवून, शांत करून, हलव्याची वडी देईपर्यंत याएलचा फोन आला. कॅमेरा लावून ती तिकडून बघायला लागली आणि तिला दिसलं ते असं, की आपल्या आईच्या बैठकीत निळा धूर आहे, त्यात एक अनोळखी मुलगा हात हलवतोय, आणि सोफ्यावर बादली मांडीवर घेऊन आजोबा काहीतरी खातायत.

"आई," ती म्हणाली, "मी घाबरू की नाचू?"

धूर गेला. रंगीत लाईट गेले. आता मालूनं हॅलोजन लावला आणि इतक्या वर्षांची सवय हाताला होतीच, तोंडावर मारला. हलव्याला तोंड नव्हतं, पण त्याला ते लागलं. वड्यांवर पांढरे चट्टे आले, बदामाच्या कापांच्या सावल्या मेलेल्या डासांसारख्या पडल्या, आणि थोड्या वेळात हलव्याला खराखुरा घाम फुटला. नारळाचं तेल सुटून परातीच्या कडेला जमायला लागलं. सासूची पावडर आठवून मालूला हसू येणार होतं, तेवढ्यात फट असा आवाज झाला आणि सगळ्या घराचा फ्यूज उडाला. पंखा थांबत थांबत थांबला.

आता मात्र मालू हसली नाही. ती स्टुलावर बसली. कॅमेरा मांडीवर घेतला आणि पदरानं त्याची पाठीकडची काच पुसत राहिली, उगाचच, स्वच्छ होती तरी. केतनलाही ते बघवेना. वायर गुंडाळायचं निमित्त करून तो खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. सण जवळ आला होता, याएलला छापायला चित्र आजच द्यायचं होतं, आणि परातीत साबण पडला होता.

एस्थरबाईंनी खिडकीचा पडदा सरकवला. त्यांचं लक्ष फोटोत नव्हतंच, हलव्यात होतं. एवढ्या उष्णतेनं तो फुटला की काय, ही त्यांची काळजी. त्यांनी सुरीनं एक वडी सुटी केली, दोन बोटांत धरली, खिडकीच्या उजेडाला लावली आणि वडीच्या मागं दुसऱ्या हाताचं एक बोट उभं धरलं.

हे त्या दरवर्षी करायच्या. त्यांची आईही करायची. हलवा झाला की नाही ते चाखून नव्हे, खिडकीला धरून ठरवायचं. मागचं बोट सावलीसारखं दिसलं तर झाला. बोट दिसलंच नाही तर चीक कच्चा. बोटाच्या आजूबाजूला रेघा दिसल्या तर बाई, तू घाई केलीस, आधाशीपणा केलास.

बोट दिसत होतं. रेघ एकही नव्हती. ऊन पाठीमागून आलं की लहान मुलाचा कान कसा दिसतो, तशी ती वडी दिसत होती. आतून पेटलेली, गुलाबी, कडेला मधाच्या रंगाची, आणि मधोमध बोटाची मऊ सावली.

"मॅडम," मालू स्टुलावरनं उठत म्हणाली, "हलू नका. तुमच्या आईची शपथ हाय."

पुढचा तास त्या घरात जे झालं त्याला फोटो काढणं म्हणता येईल की नाही कोण जाणे. इतकी वर्षं उजेड वस्तूच्या तोंडावर मारायचा असतो, हेच मालूला ठाऊक होतं. उजेड पाठीमागनं आला तर वस्तू स्वतःच बोलायला लागते, हे आता समोर दिसत होतं, आणि ते दिसल्यावर तिला एका जागी उभं राहवेना. खिडकीतलं ऊन थेट फार टोचत होतं, म्हणून एस्थरबाईंची पांढरी चादर तारेवर टाकून खिडकीला लावली. उजेड दुधासारखा पसरला. शोकेसमधली काचेची फळी काढून ती दोन डब्यांवर आडवी टाकली, तिच्यावर वड्या मांडल्या आणि एका उभ्या वडीच्या मागं एस्थरबाईंनी पुन्हा बोट धरलं. फ्यूज बसला तेव्हा ट्यूबलाईट आपोआप लागली, तशी तिकडून याएल ओरडली की ती बंद करा, एका वेळी एकच उजेड, दोन मिसळले की हलवा आजारी दिसतो. वड्यांची पुढची बाजू काळी पडत होती. उजेड परतवायला केतननं स्टीलचं ताट धरलं, पण ताटाची तिरीप वडीवर सुरीसारखी उमटली. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याची कोरी पाठ धरली. ती बरोबर लागू पडली.

अडचण एकच राहिली. खिडकीच्या उजेडात फ्लॅशसारखं एका झटक्यात काम होत नाही. कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा राहतो, आणि तेवढा वेळ सगळं स्थिर हवं. प्रभाकरनं तिपाई कधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. म्हणून उपड्या पातेल्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवला, टॉवेलवर कॅमेरा. आणि कॅमेऱ्याला टेकून मालू.

पहिला फोटो हलला, कारण केतनच्या नाकावर माशी बसली होती आणि दोन्ही हातांत कॅलेंडर असल्यामुळं तो तोंड वाकडं करून तिला फुंकत होता. दुसरा हलला, कारण मालूला ती माशी आठवली. तिसऱ्याला एस्थरबाई हसल्या आणि बोट थरथरलं. चौथ्याला कोणीच हसलं नाही, पण खालचे आजोबा सोफ्यावरून म्हणाले, "झाला का फोटो?" आणि सगळ्यांनाच हसू फुटलं.

शेवटी मालूनंच तोड काढली. कॅमेऱ्यात बटण दाबल्यावर थोडं थांबून आपोआप फोटो निघायची सोय असते. तिनं चौकट ठरवली, बटण दाबलं, आणि तोंडावर पदर घेऊन धावत जिन्यात गेली. जिन्यात पोटभर हसून परत आली. फोटो बघितला. वडी किंचित उजवीकडं सरकवली. बटण दाबलं, जिन्यात गेली. इमारतीतल्या लोकांनी दारं उघडून बघितलं की एक बाई पुन्हा पुन्हा पळत जिन्यात येते, कठड्याला धरून हसते, डोळे पुसते आणि गंभीर चेहऱ्यानं आत जाते. काहींनी चौकशी केली. तिनं हातानंच सांगितलं, काम चालूय.

कितव्या फेरीला कोण जाणे, ती आत आली आणि कॅमेऱ्याच्या काचेकडं बघून तिथंच खिळली.

फोटो याएलला गेला. तिकडं तिनं तो मोठा करून, बोटापाशी थांबून बघितला.

"आई," याएल मग म्हणाली, "मी चित्रातनं ते बोट पुसणार नाही. असंच ठेवते. कोणी काढलाय हा?"

"आमच्या मालूनं," एस्थरबाई म्हणाल्या. मालूची सही चौकटीबाहेर गेल्यापासून त्यांनी तिला 'आमच्या' कधी म्हटलं नव्हतं.

केतननं कॅलेंडर खाली ठेवलं. हात आखडले होते, ते झटकत त्यानं कॅमेऱ्याच्या काचेत वाकून बघितलं. बघत राहिला. "काकी," तो हळूच म्हणाला, "वाट लावलीस माझी." आणि उरलेल्या परातीपैकी बरीचशी त्यानं तिथंच बसून संपवली.

खोकी सणाच्या आधी छापून आली. एस्थरबाईंनी एक भरून ओव्याला पाठवलं. भगवानबाबानं हलवा चाखून, एक खडा मीठ टाकला असता तर आणखी उठला असता, असं मत दिलं. प्रभाकरनं खोकं हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं. पाठीमागनं उजेड, तो पुटपुटला, कोन मारतो पाठीमागनं उजेड. मग हलवा ताटात काढून ठेवला आणि रिकामं खोकं घेऊन पांढरे बूट घालून बाहेर पडला. कॅमेऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मालूनं दिवसभर धुणं धुतलं, धुतलेलं परत धुतलं. शब्द दिला होता खरा, पण प्रभाकर प्लॉटच्या धंद्यात होता, आणि दिलेल्या शब्दाला तिथं काय काय फुटतं ते तिनं पाहिलं होतं.

संध्याकाळी केतन नाक्यावरून आला तो दारातनंच सांगत आला. काका चहाच्या टपरीवर बसलेत. खोकं टेबलावर उभं केलंय, तोंड रस्त्याकडं करून. जो येईल त्याला विचारतायत, ह्ये बोट दिसतं का? कुनाचं बोट, सांगा. एकानं विचारलं, फोटो कुनी काढला, तर म्हणाले, आमच्या घरच्या कॅमेऱ्याचा हाय, आमच्या घरात तीस वर्षं फोटोचंच काम. मग केतननं सहज, अगदी सहज, चाचपून बघितलं होतं की काका, तो कॅमेरा सणानंतर मला द्यायचं चाललं होतं ना.

"आनी काका काय बोलले?" मालूनं विचारलं.

केतननं काकाचा चेहरा केला, भुवया वर चढवल्या. "म्हनाले, कंचा कॅमेरा?"

मालूनं पिळून झालेली साडी परत बादलीत टाकली. मग तिला पोराची दया आली. हळदी तोंडावर आल्या होत्या आणि त्याच्याकडं धूर होता, पण कॅमेरा नव्हता.

"हलदीला तुला दीन मी," ती म्हणाली. "पन घामाच्या हातानं धरायचा नाय. धुराच्या जवल न्यायचा नाय. आनी जेवायच्या आत घरी आनून सोडायचा."

केतननं मान डोलवली आणि मग तो अडखळला. "काकी, हळद जेवल्यावरच सुरू होते."

मालूनं विचार केला.

"मंग लवकर जेव," ती म्हणाली.